आठ ग्लास पाणी

माझी डावी किडनी काढून टाकली आहे. उजवी अर्धीमुर्धी चालते. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, आधार कार्डावर सत्तावन्न. शिक्षण चौथी. हे वाचून कुणी हळहळावं म्हणून लिहीत नाही. ज्या बायका कंपनीत दिवसभर उभ्या राहून काम करतात आणि पाणी पीत नाहीत, त्यांनी वाचावं एवढंच. ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांनी इथंच थांबावं आणि उठून पाणी प्यावं. बाकीच्यांना सविस्तर सांगते.

कोरडं राहणं

मी महाळुंग्याला राहते. भूम तालुक्यातून इथं आले त्याला बावीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलगा गणेश शाळेत होता, हातात काही नव्हतं. ओळखीनं ठेकेदाराकडं लागले आणि एकोणीस वर्षं एकाच कंपनीच्या एकाच लाइनवर उभी राहिले.

गाडीच्या पोटात वायरींची मोठी जुडी असते. ती आम्ही बांधायचो. समोर उभा बोर्ड असतो, त्यावर खुंट्या. खुंट्यांवरून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा. बोर्ड हळूहळू पुढं सरकत असतात. एक बाई थांबली की सगळी लाइन थांबते आणि वर लाल दिवा लागतो. दिवा लागला की लाइन लीडर येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, कोण गेलं?

लघवीला जायचं तर रिलीव्हर लागते. रिलीव्हर म्हणजे तुमच्या जागी तेवढा वेळ उभी राहणारी बाई. आमच्या चाळीस बायकांना एक रिलीव्हर होती, आणि रोज कुणी ना कुणी गैरहजर असायचंच, मग ती रिलीव्हर त्या गैरहजर बाईच्या बोर्डावर. म्हणजे रिलीव्हर कागदावर होती, लाइनवर नव्हती.

त्यावर आम्ही उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. आम्ही त्याला कोरडं राहणं म्हणायचो. पहाटे अर्धा कप चहा, तोही घट्ट. डब्यात सुकी भाजी, आमटी नाही, ताक तर नाहीच. जेवणाच्या सुट्टीत संडासापुढं रांग असते, तीत नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर परत बोर्डावर. तेव्हा जेवताना दोन घोट, घास उतरण्यापुरते. शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन तांब्याभर.

नवीन मुलगी आली की तिला माझ्या शेजारी उभी करायचे. टेप कशी ओढायची ते मी शिकवायचे आणि कोरडं कसं राहायचं तेही मीच शिकवायचे. पहिले पाच-सहा दिवस डोकं दुखतं, मग सवय होते, असं सांगायचे. बायका मला उंटीण म्हणायच्या. मला त्याचा राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. एका दिवाळीला लाइन लीडरनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, मावशींकडून शिका, आठ तासांत एकदा बोर्ड सोडत नाहीत. मला स्टीलचा डबा मिळाला. मी तो कपाटावर दर्शनी ठेवला.

फॉर्म घेऊन आलेली मुलगी

आजारी पडायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातून एक मुलगी आली. नाव केतकी. कामगार बायकांच्या तब्येतीवर तिचं संशोधन चाललं होतं. कंपनीनं परवानगी दिली होती. चार-चार बायकांना कँटीनमध्ये बोलवायचं, तिनं प्रश्न विचारायचे आणि फॉर्म भरायचा. शेजारच्या टेबलावर एचआरच्या मॅडम लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

त्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये आमचं ठरलं होतं. त्याच्या मागच्या वर्षी बाहेरून तपासणीला माणसं आली होती. एका मुलीनं त्यांना संडासाच्या रांगेचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेटवर तिचं कार्ड लागलं नाही. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या असणाऱ्या दोघींचंही लागलं नाही, त्यांनी तर तोंडही उघडलं नव्हतं. कुणी कुणाला काढलं असं कुणी म्हणालं नाही. नुसतं कार्ड लागलं नाही.

म्हणून मी बसमध्ये सांगितलं, सगळ्यांनी एकच बोलायचं. त्रास काही नाही, जेवण चांगलं, आणि पाणी आठ ग्लास. आठ हा आकडा मीच दिला. टीव्हीवर तोच सांगतात.

माझी पाळी आली. केतकीनं विचारलं, शिफ्टमध्ये किती पाणी पिता? मी म्हणाले, आठ ग्लास. तिनं लिहिलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"मावशी, तुमचे ओठ फुटलेत."

"उन्हानं."

"शिफ्ट तर आत असते."

"बाहेर ऊन असतंच की, बाई."

शेजारच्या दोघी हसल्या. एचआरच्या मॅडमही हसल्या. केतकीनं आठ लिहिलं. जाताना तिनं प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली, तिच्यावर तिचा नंबर होता. बहुतेकींनी ती टिकल्या चिकटवून ठेवायला नाहीतर बस लागल्यावर हात पुसायला वापरली असेल. मी ठेवली, कागद टाकायची मला सवय नाही.

काही महिन्यांनी नोटीस बोर्डावर कागद लागला, महिला कामगारांचं पाणी पिण्याचं प्रमाण समाधानकारक. त्यानंतर रिलीव्हर कायमची बोर्डावर गेली. ती जागाच काढून टाकली. आम्ही विचारायला गेलो नाही. काय म्हणून जाणार? आमचं छान चाललंय असं आम्हीच लिहून दिलं होतं.

मी कंपनीला दोष देणार, असं वाचणाऱ्याला वाटत असेल तर देतेच आहे. पण तो आकडा माझा होता, हे आधी लिहून ठेवते.

निदानाचा दिवस

जळजळ तर कित्येक वर्षं होती. लाइनवर सगळ्यांनाच होती. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, एकीनं आणल्या की पाकीट चौघींत फिरायचं. मग कमरेत डाव्या बाजूला दुखायला लागलं. मग ताप यायचा, जायचा. डॉक्टरकडं चार-पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी ते विचारायचे, पाणी किती पिता? प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आठ ग्लास. मला कुणी अडवलेलं नव्हतं. तिथं एचआरच्या मॅडम नव्हत्या. तरी तोंडातून आठच निघायचं.

एके दिवशी थंडी वाजून बोर्डासमोरच खाली बसले. लाल दिवा लागला. एकोणीस वर्षांत माझ्यामुळं पहिल्यांदा.

सरकारी हॉस्पिटलात दाखल केलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत खडे दिसले, डावीत पू. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. ते बुचकळ्यात पडले. एवढं पाणी पिणाऱ्या बाईला दोन्हीकडं खडे का व्हावेत? म्हणून गळ्यातल्या कुठल्या गाठीमुळं खडे होतायत का ते शोधायला त्यांनी रक्त काढलं. आणखी कशाकशासाठी रक्त काढलं. चार दिवस माझ्या खोटेपणाची तपासणी चालली होती.

पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर माझ्या खाटेजवळ थांबल्या. कोकणातल्या होत्या, फटकळ. म्हणाल्या, मावशी, काल मी हा तांब्या भरून ठेवला, तो आत्ताही भरलेलाच आहे. मी म्हणाले, सकाळी माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. त्या म्हणाल्या, मग आठ ग्लास कधी पिता, झोपेत?

मग सांगितलं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा सिस्टरनी मला त्यांच्यासमोर परत सांगायला लावलं. कोरडं राहणं, रिलीव्हर, सगळं. डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान असतील. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कंपनीत हेच सांगतो."

"मी कंपनी नाहीये, आजी."

मग त्यांनी सांगितलं की डावी किडनी काढावी लागेल, तिच्यात ठेवण्यासारखं काही राहिलेलं नाही. बरोबर कोण आहे, असं विचारलं. गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, पण गणेशचं ऑफिस हिंजवडीला, त्याला सुट्टी रविवारी. तो कॉलेज सोडून कामाला लागला तेव्हापासून माझी सुट्टी आणि त्याची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नाही. मी सांगितलं, बरोबर कुणी नाही.

मी विचारलं, सहा महिन्यांपूर्वी खरं बोलले असते तर? त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, आता आपण उजव्या बाजूकडं लक्ष देऊ.

तो दिवस कसा गेला असं लोक विचारतात. मी दुपारी वरण-भात खाल्ला. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईला वेणी घालून दिली. भीती वाटायला मला दुसरा दिवस लागला.

वॉर्ड

ऑपरेशनच्या दिवशी गणेश आला होता, सही त्यानंच केली. त्यानंतर रविवारी यायचा. सूनबाई प्रिया एकदा आली, नातीला आणायला परवानगी नव्हती. त्यांना बोल लावत नाही. दोघं सकाळी आठला निघतात ते रात्री आठला घरी.

हॉस्पिटलात दिवस मोठा असतो. सहाला झाडू, सातला चहा, नऊला राउंड. मग पाणी. मला मोजून पाणी प्यायला लावायचे आणि बाहेर किती आलं तेही मोजायचे. सिस्टर मापाचं भांडं उजेडात धरून आकडा लिहायच्या. माझी लघवी कुणी लिहून ठेवेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. आधी लाज वाटली. मग त्या आकड्याची वाट बघायला लागले. वाढला की सिस्टर म्हणायच्या, आज पास झालात.

पाणी पिणं मला नव्यानं शिकावं लागलं, हे खोटं वाटेल पण खरं आहे. दुपारपर्यंत घसा बंद. एक घोट घेतला की पहिला विचार यायचा, आता जावं लागेल. संडास दहा पावलांवर होता, कुणी अडवणारं नव्हतं, तरी पोट आवळायचं. ज्यांना हे होत असेल त्यांना सांगते: ग्लासनं पिऊ नका, चमच्यानं सुरुवात करा. मी चमच्यानं केली. सिस्टरनीच सुचवलं. बाळासारखं, म्हणाल्या.

चार ते सहा नातेवाइकांची वेळ. वॉर्डात एकदम माणसं भरायची, डबे उघडायचे, मेथीच्या भाजीचा वास सुटायचा. मी डोळे मिटून पडायचे. झोप लागायची म्हणून नाही. उघडे ठेवले की कुणीतरी दया येऊन विचारायचं, आजी, तुमचं कोण आलं नाही का? आणि त्यांच्या डब्यातली पोळी पुढं करायचं. पोळी चांगली असायची. प्रश्न नको असायचा.

मी लाइनवरच्या बायकांची वाट बघत होते. एकोणीस वर्षं. त्यांची लग्नं, बाळंतपणं, नवऱ्यांची दारू, सगळं मला ठाऊक. पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी छाया आली.

छाया

छाया लातूरकडची. सहा वर्षांपूर्वी तिला कामाला मीच लावली. बत्तीस वर्षांची असेल, नवरा टेम्पो चालवतो, दोन मुली. बोर्डावर माझ्या शेजारी उभी असायची. तिला मी पोरीसारखं मानायचे, असं म्हटलं तर ते गोड वाटेल. खरं म्हणजे गणेशशी बोलले नसेन एवढं तिच्याशी बोलले आहे.

केळी घेऊन आली. स्टूल होतं, बसली नाही. बायका कशा आहेत ते सांगितलं, माझ्या जागी कोण उभं राहतं ते सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, डॉक्टरला काय सांगितलाव? कंपनीचं नाव घेतलाव का?"

मी म्हणाले, घेतलं.

ती केळी ठेवता ठेवता थांबली. म्हणाली, लाइनवर बोलायलेत की मावशी सगळ्यांना घेऊन बुडणार.

मी तिच्याकडं नीट बघितलं. ओठ फुटलेले, डोळ्यांखाली खड्डे, आणि एक हात सारखा कमरेवर, डाव्या बाजूला. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, गोळी घेतली की राहतं. ताप? अधूनमधून.

मी म्हणाले, "छाया, पाणी पी. उद्यापासून बाटली घेऊन जा. माझं ऐक."

"तुमीच शिकिवलं की, मावशी."

रागानं नाही म्हणाली. सरळ म्हणाली, जसं माणूस घड्याळात किती वाजले ते सांगतं. पुढं म्हणाली, "प्याले तर जाऊ कुठं? रिलीव्हर हाय का?" आणि निघून गेली.

टाके त्या दिवशी दुखले नाहीत. दुसरं दुखलं. एक किडनी माझी गेली, ती माझी होती. पण कोरडं राहायला मी किती जणींना शिकवलं, ते मोजायला लागले आणि बोटं संपली. त्यातलीच एक आत्ता माझ्या डोळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची किडनी वाचवता आली तर वाचवायची, एवढंच मनात घेऊन मी हॉस्पिटलातून बाहेर पडले.

पुनावळे

गणेश मला पुनावळ्याला घेऊन गेला. बारावा मजला. प्रियानं माझ्यासाठी खोली आवरली होती, उशीला नवीन अभ्रा होता. तिनं काही कमी केलं नाही. पण सकाळी आठला दार बंद झालं की मी आणि फ्रीज. घरात दोन संडास आहेत. आमच्या लाइनवर चाळीस जणींना दोन होते. इथं मी एकटी, आणि दोन. हसू आलं, पण सांगायला कुणी नव्हतं.

एकदा गोळ्या ठेवायला जागा शोधत होते तेव्हा ड्रॉवरमध्ये गणेशच्या बीपीच्या गोळ्या सापडल्या. अडतीस वर्षांचा आहे. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, कामाचं टेन्शन असतं, ऑफिसात सगळेच घेतात. मी म्हणाले, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू मला सांगितलं होतंस का, आई? मग आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो. इतकी वर्षं फोनवर आम्ही एकमेकांना बरं आहे, बरं आहे म्हणत होतो.

बारा दिवसांनी मी म्हणाले, मला महाळुंग्याला सोड. प्रियाला वाईट वाटलं, की तिचं काही चुकलं. तिचं चुकलं नव्हतं. मला माणसांचे आवाज हवे होते.

परत खोलीवर

माझी घरमालकीण ताराबाई. गावातली जुनी शेतकरी बाई, शेतं कंपन्यांत गेली, आता दहा खोल्या आहेत. मी आल्या आल्या तिनं माझ्या दारात तांब्या आणून ठेवला आणि म्हणाली, "पी बये. न्हाई तर माझ्या खोलीत मरशील, मंग त्या खोलीत दुसरं कोण राहतंय?" त्यानंतर रोज चार वेळा तांब्या बघायला यायची. तिच्याइतकी काळजी माझी कुणी घेतली नाही, आणि तिच्याइतक्या शिव्याही कुणी दिल्या नाहीत.

कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. पहिल्या शिफ्टच्या बायका साडेतीनला उतरतात. मी दारात खुर्ची टाकून बसायला लागले. पूर्वी माझ्या खोलीत चहाला थांबणाऱ्या बायका आता पलीकडच्या बाजूनं जायच्या. काही जणी मोबाइल काढून बोलत असल्यासारखं करायच्या. मी त्यांच्या चालीकडं बघायचे. कोण वाकून चालतंय, कुणाचा हात कमरेवर आहे. छाया सगळ्यांत मागं असायची.

एके दिवशी केतकीला फोन केला. चिठ्ठी होती. म्हणाले, मी अमुक कंपनीतली, तुमच्या फॉर्मवर खोटं बोलले होते आणि बाकीच्यांनाही मीच बोलायला लावलं होतं. ती म्हणाली, मावशी, सगळ्या फॉर्मवर एकच आकडा आला म्हणून मला सरांनी विचारलं होतं, तू घरी बसून भरलेस का? रडले होते त्या दिवशी. मी म्हणाले, माझ्यामुळं रडलीस, आता पुढचं बोल.

तिनं सांगितलं की अजून काम चालू आहे. पण एकट्या माझ्या बोलण्यानं काही होणार नाही. बायका स्वतः बोलल्या, कंपनीच्या बाहेर, नाव न लिहिता, तर ते धरता येईल. शिवाय तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई येऊन लघवीची तपासणी जागेवरच करतील, ज्यांना गरज असेल त्यांना पुढं पाठवतील. मला फक्त छायाची तपासणी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी बस थांबली तशी मी बायकांच्या पुढ्यात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, "मावशी, तुमचं काम सुटलं. आमचं राहू द्या." आणि वाट काढून गेल्या. मला ढकललं नाही, इतकंच.

मी खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. ताराबाई तांब्या बघायला आली, तिला सांगितलं. ती म्हणाली, "येडी हायस का? घोळक्यात बाई कधी खरं बोलती व्हय? एकेकीला गाठ."

मग एकेकीला गाठलं. पिठाच्या गिरणीत, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या फाटकाशी. प्रत्येकीला एवढंच म्हणाले, गुरुवारी माझ्या खोलीवर, तुझी वेळ ही. छायाला दोनदा गाठलं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

गुरुवार

केतकी आणि डॉक्टरीणबाई अकराला आल्या. मी फरशी पुसून ठेवली होती, मोरीत नवी बादली. चहा ठेवायला लागले तर केतकी म्हणाली, मावशी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही आत थांबायचं नाही. कुणासमोर बोलायचं म्हटलं की त्या पुन्हा तेच बोलतील. बरोबर होतं. मी माझ्याच खोलीच्या बाहेर पायरीवर बसले.

बारापर्यंत कुणी नाही. मग एक आली, डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या बोळातून. आत गेली. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, मावशी, मी आले होते ते दुसरीला सांगू नका. मी म्हणाले, नाही सांगणार. वीस मिनिटांनी दुसरी आली. तिनंही जाताना तेच सांगितलं. तिसरीनंही. दुपारभर येत राहिल्या, प्रत्येक जण मागच्या बोळातून, आणि प्रत्येकीला वाटत होतं की ती एकटीच आली आहे. मला मात्र सगळ्या दिसत होत्या. सांगायचं कुणाला?

त्यातली एकही माझ्याजवळ टेकली नाही. मीही थांब म्हणाले नाही.

छायाची वेळ तीनची होती. तीन वाजून गेले. साडेतीन झाले. केतकीनं दारातून विचारलं, आणखी कुणी आहे का, नाहीतर आवरतो. मी म्हणाले, थोडं थांबा. चार वाजता छाया आली, समोरच्या रस्त्यानं, उघड्या डोक्यानं. हात कमरेवरच होता. माझ्याकडं बघितलं नाही. आत गेली आणि आतून कडी लावली.

बाकीच्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आल्या होत्या. छायाला अर्धा तास झाला, पाऊण झाला. एकदा मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा डॉक्टरीणबाईंचा. शब्द कळले नाहीत आणि मी कान दिला नाही. ताराबाई पलीकडून म्हणाली, दगडावर किती येळ बसशील, टाक्यांची बाई तू, माझ्याकडं येऊन बस.

मी उठले नाही. मधेच कुणी आलं असतं तर त्याला थांबवायला दारात माणूस हवं होतं.